आधी मैदान, मग गणित

वर्गात स्वस्थ बसत नाही म्हणून पी.टी.चा तास बंद, ही शिक्षा मी शाळेत जितकी पाहिली तितकी दुसरी कुठलीच पाहिली नाही. मारणं कायद्याने बंद झालं, वर्गाबाहेर ओणवं उभं करणं बंद झालं, आणि त्यांची जागा या शिक्षेने घेतली. देणाऱ्याला ती सौम्य वाटते. अंगाला हात लावलेला नसतो, पालक तक्रार घेऊन येत नाहीत. उलट कित्येक पालक "बरं केलंत, तेवढाच अभ्यास करील" असं म्हणतात. मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. वर्ग मैदानावर आला की रांगेत कोण नाही हे मला हजेरी न घेताही कळतं, कारण वर खिडकीतून आमच्याकडे पाहत बसलेली पोरं वर्षभर बहुधा तीच असतात. मैदानाची सगळ्यांत जास्त गरज त्यांनाच असते. आधी हे मला नुसतं वाटायचं. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की हे मोजून पाहिलेलं आहे.

ही सगळीच पोरं एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि उसळी आवरणं जड जाणारी, नसतात. कुणाला फळ्यावरचं नीट दिसत नसतं, कुणी सकाळी उपाशी आलेलं असतं, कुणाच्या घरी रात्री उशिरापर्यंत भांडण चाललेलं असतं. निदान करणं माझं काम नाही. पण जगभरातले अभ्यास शंभर मुलांमागे साधारण पाच असं प्रमाण सांगतात. म्हणजे आमच्या पटावर प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं तरी अशी असणार, आणि ती असतातच. पेन्सिल खाली पडते, ती घ्यायला पोरगं वाकतं आणि बाकांखालून थेट तिसऱ्या रांगेत निघतं. उत्तर येत असतं, पण प्रश्न पुरा व्हायच्या आत ओरडून मोकळं होतं. गणिताची रीत बरोबर, हातचा मात्र विसरलेला. डबा, बाटली, दप्तरातली वही यांतलं काहीतरी रोज शाळेत राहतं. आई सांगते, "बाई, कळतं ह्याला सगळं, पण एका जागी ठरत न्हाई." त्या माउलीने एका वाक्यात जे सांगितलं ते डॉक्टरांच्या पुस्तकातल्या वर्णनाच्या फार जवळचं आहे.

पाचवीतला असाच एक मुलगा माझ्याकडे खो-खोला आला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "याला घेऊ नका, संघ बिघडवेल." पहिले काही आठवडे त्याने खरंच बिघडवला. खो-खो बाहेरून पाहणाऱ्याला पळण्याचा खेळ वाटतो, पण त्यातला निम्मा खेळ बसण्याचा असतो. मधल्या पाटीवर आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडवे बसतात. पळणारा पोरगा हाताच्या अंतरावरून जातो, हूल देतो, आणि तरीही पाठीवर थाप आणि कानावर 'खो' पडेपर्यंत जागचं हलायचं नाही. हललं की फाऊल. खो मिळाला की एकदा जी दिशा धरली ती खांबापर्यंत सोडायची नाही आणि मधली पाटी ओलांडायची नाही. शरीर म्हणतं धर, नियम म्हणतो थांब. या मुलाचं शरीर प्रत्येक वेळी जिंकायचं. तो खो नसताना उठायचा, उलटा फिरायचा, पाटी ओलांडायचा, आणि पोरं त्याच्यावर ओरडायची.

मी त्याला काढलं नाही, कारण त्याच्यात मला एक गोष्ट दिसत होती. वर्गात ज्याची नजर कुठेच टिकत नाही म्हणतात, त्याची नजर पळणाऱ्याच्या पायांवरून क्षणभरही हटत नव्हती. त्याच्याकडे लक्ष होतं आणि भरपूर होतं. ते हवं तेव्हा हव्या त्या गोष्टीवर ठेवणं आणि आतून आलेली उसळी दाबणं, एवढंच त्याला जड जात होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो पाटीवर बसायला लागला. गुडघे थरथरायचे, पण उठायचा नाही. पळणाऱ्याने हूल दिली की खांदा पुढे जायचा आणि तिथेच थांबायचा. तेवढं थांबणं त्याने किती कष्टाने कमावलं होतं ते मी रोज पाहत होते.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले फिलिप शॉ आणि त्यांचे सहकारी यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एडीएचडी असलेल्या 223 आणि नसलेल्या 223 मुलांच्या मेंदूची चित्रं घेऊन त्यांनी मेंदूवरचा पापुद्रा कोणत्या वयात सर्वांत जाड होतो ते पाहिलं. वाढत्या मेंदूच्या पक्वतेची ही एक खूण मानतात. बाकीच्या मुलांत हा टप्पा साधारण साडेसात वर्षांना आला, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाला. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. थांबणं, आखणं, मनात धरून ठेवणं ही कामं त्याच भागाची. हालचाल घडवणारा भाग मात्र या मुलांत थोडा लवकरच पक्व झालेला दिसला. हे वाचल्यावर मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नाही. आमच्या पाचवीतल्या दहा वर्षांच्या मुलाकडे पळवणारा भाग तयार आहे आणि थांबवणारा अजून वाटेवर आहे. त्यावर आपण उपाय काय करतो, तर त्याला बाकावर बसवून ठेवतो.

व्यायामाने या मेंदूत काय होतं, हे पाहणारा मला सर्वांत चांगला समजलेला प्रयोग इलिनॉय विद्यापीठातला आहे. मॅथ्यू पाँटिफेक्स, चार्ल्स हिलमन आणि त्यांचे सहकारी यांनी तो 2013 मध्ये प्रसिद्ध केला. आठ ते दहा वर्षांची चाळीस मुलं, त्यांतली वीस एडीएचडीची. प्रत्येक मुलाने एके दिवशी वीस मिनिटं ट्रेडमिलवर मध्यम वेगाने व्यायाम केला आणि दुसऱ्या एका दिवशी तेवढाच वेळ बसून वाचन केलं. त्यानंतर डोक्याला ईईजीची टोपी घालून एक चाचणी दिली. अशा चाचणीत पडद्यावर एका ओळीत बाण किंवा मासे दिसतात. मधल्याचं तोंड कुठे आहे ते पाहून बटण दाबायचं असतं, आणि शेजारचे कित्येकदा मुद्दाम उलटीकडे तोंड करून ठेवलेले असतात. शेजाऱ्यांकडे दुर्लक्ष करायचं, मधल्यावर नजर ठेवायची. माझ्या मनात लगेच खो-खोची पाटी आली.

ईईजीतून मेंदूतला विचार दिसत नाही. टाळूवरच्या तारांना अतिशय क्षीण विद्युत कंप तेवढे कळतात, आणि एका प्रश्नाला मेंदूने दिलेला प्रतिसाद त्यात हरवून जातो. जत्रेच्या गलक्यात एकाच माणसाची हाक ओळखायची असावी, तसं ते काम आहे. म्हणून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि सगळ्या प्रतिसादांची सरासरी काढतात. गलका एकमेकांत जिरून जातो आणि दर वेळी त्याच क्षणी येणारी लाट वर येते. चित्र दिसल्यापासून साधारण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यानंतर येणाऱ्या अशा एका लाटेला पी-थ्री म्हणतात. समोरच्या गोष्टीसाठी मेंदूने किती लक्ष लावलं ते तिच्या उंचीवरून समजतं, आणि गोष्ट किती चटकन ओळखली ते ती किती लवकर आली त्यावरून. एडीएचडीच्या मुलांत, गट म्हणून पाहिलं तर, ही लाट बऱ्याचदा बुटकी असते.

व्यायामाच्या दिवशी ती उंच झाली. उत्तरं जास्त बरोबर आली, नंतर घेतलेल्या वाचनाच्या आणि अंकगणिताच्या चाचण्यांतही गुण वाढले. हे दोन्ही गटांत झालं; म्हणजे मैदानाचा फायदा सगळ्या वर्गाला आहे. एक गोष्ट मात्र एडीएचडीच्या मुलांत विशेष दिसली. चुकीचं बटण दाबलं गेलं की पुढच्या वेळी माणूस आपोआप जरा सबुरीने दाबतो. या मुलांत ही सबुरी कमी असते. चूक झाली तरी ती त्याच वेगात पुढे जातात. वीस मिनिटांच्या व्यायामानंतर ती चुकीनंतर थबकायला लागली.

हे 'थबकणं' मी वाचलं त्या सुमारास आमच्या गणिताच्या सरांशी माझं एक बोलणं झालं होतं. वेळापत्रक लावताना मी त्यांच्याकडे पाचवीसाठी अदलाबदल मागितली होती. आठवड्यातले काही दिवस पी.टी. शेवटच्या तासाऐवजी गणिताच्या आधी ठेवायची. सर नाखूश होते. घामाघूम पोरं येतील, पाणी पाणी करतील, स्थिरावण्यातच तास जाईल, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. म्हणून तासाची शेवटची काही मिनिटं मी चालणं, श्वास आणि पाणी यांसाठी राखली. इलिनॉयच्या प्रयोगातही धडधड खाली आल्यावरच चाचणी घेतली होती. सहामाहीच्या आसपास सर स्वतःहून म्हणाले, "तो तुमचा खो-खोवाला आहे ना, तो हल्ली स्वतःच खोडतो. आधी चुकलेलं दाखवलं तरी वही ओढून पुढचं गणित सुरू करायचा. आता मैदान झालं असलं की थांबतो, मागची ओळ बघतो, हातचा लिहितो." मी सरांना ना ईईजी सांगितला होता ना पी-थ्री. त्यांनी जे पाहिलं ते वर्षानुवर्षं वह्या तपासणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिलं. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. तरी मी ते विसरू शकत नाही.

व्यायामाने हे का होतं? एडीएचडीच्या औषधांचा परिणाम मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन या रसायनांवर होतो. कपाळामागचा भाग नीट चालायला ही दोन्ही योग्य प्रमाणात लागतात, आणि व्यायामाचा परिणामही याच वाटेने होत असावा असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. इथे मला पालकांशी फार जपून बोलावं लागतं. दुसऱ्या एका मुलाचे वडील मोठ्या आनंदाने आले आणि म्हणाले, "बाई, खेळाने एवढा फरक पडतोय, तर गोळी बंदच करून टाकतो." मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. मैदानाचा जो परिणाम मोजला गेला तो तात्पुरता आहे. तो तासाला उपयोगी पडतो, दिवसभर पुरत नाही. रोजच्या व्यायामाने काय होतं, हे पाहणाऱ्या बेट्सी होझा आणि सहकाऱ्यांच्या 2015 च्या अभ्यासात अमेरिकेतली दोनशेहून अधिक लहान मुलं होती. बारा आठवडे, शाळा भरण्याआधी रोज 31 मिनिटं, काही जण पळापळीच्या खेळात आणि काही जण वर्गातल्या बैठ्या उपक्रमात. फायदा दोन्हीकडे दिसला. एडीएचडीची शक्यता असलेल्या मुलांत काही बाबतींत, विशेषतः घरी आईवडिलांना जाणवणाऱ्या लक्षाबाबत, खेळणाऱ्यांना जास्त. हा परिणाम खरा आहे, पण मर्यादित आहे. गोळीची गरज आहे की नाही हे मैदान ठरवू शकत नाही, आणि ज्या मुलाला गोळी लागते त्याच्या पालकांना अपराधी वाटेल असं एक अक्षरही माझ्या तोंडून जाऊ नये याची मी काळजी घेते.

दुसरी गैरसमजूत मेंदूच्या आलेखाची. प्रयोगात ईईजी वापरतात असं कुठे तरी ऐकून एक आई विचारत होती, "ह्याचा पण आलेख काढला तर कळेल का नक्की?" त्या प्रयोगांतली लाट गटाच्या सरासरीत दिसते; एका मुलाच्या आलेखावरून एडीएचडी आहे की नाही ते सांगता येत नाही. फिट येत असल्याची शंका असेल तर डॉक्टर ईईजी सांगतात, ती वेगळी गोष्ट. निदान होतं ते मुलाच्या वागण्याचा सगळा इतिहास घेऊन, घर आणि शाळा दोन्हीकडचं ऐकून. त्यासाठी डॉक्टर शाळेत एक प्रश्नावली पाठवतात. ती वर्गशिक्षकांच्या टेबलावर जाते, तिथून भरून परत जाते. पी.टी.च्या शिक्षकाला सहसा कुणी विचारत नाही. मी आता वर्गशिक्षकांकडे मागून घेते आणि एक कागद जोडते: मैदानावर हे मूल किती वेळ एका खेळात राहतं, सूचना एकदाच दिली तर कळते का, हरल्यावर काय करतं, पाळी येईपर्यंत थांबतं का. वर्गातलं मूल आणि मैदानावरचं मूल वेगळी दिसतात, आणि डॉक्टरांना दोन्ही दिसायला हवीत.

मुलींबद्दल बोलताना मला जास्त राग येतो. मुलगा बाकांखालून निघतो, त्यामुळे तो निदान दिसतो तरी. आमच्या सहावीतली एक मुलगी कधीच उठली नाही. ती शांत बसायची, वहीच्या कडेला नक्षी काढायची, आणि बाई काय म्हणाल्या ते तिच्यापर्यंत पोहोचायचंच नाही. प्रगतिपुस्तकात 'मंद' हा शब्द नव्हता, पण स्टाफरूममध्ये तो होता. अशा मुलींची एडीएचडी उशिरा कळते, किंवा कळतच नाही, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत. ती पळण्यात मागे असायची, म्हणून मी तिला लेझीममध्ये घेतलं. लेझीममध्ये हलगीचा ठेका चुकला की सगळ्या ओळीला कळतं, पण ठेका पुढच्याच क्षणी परत येतो आणि हरवलेल्याला आत घेतो. हरवायचं आणि लगेच परतायचं, हे तिथे शंभरदा होतं आणि कुणी रागवत नाही. चार कवायती तिने पाठ केल्या. पुढे तिच्या आईने तिला दाखवलं, निदान झालं, आता उपचार चालू आहेत. लेझीमने तिचं निदान झालं नाही, तिच्या आईला "हिला जमतं, मग वर्गात का जमत नाही?" हा प्रश्न मात्र लेझीम पाहूनच पडला.

कोणता व्यायाम चांगला, यावरही अभ्यासकांत वाद आहे. ॲडेल डायमंड या मेंदुविज्ञानाच्या संशोधक बरीच वर्षं सांगत आल्या आहेत की नुसतं ट्रेडमिलवर पळवण्यापेक्षा ज्यात डोकं लावावं लागतं, नियम पाळावे लागतात, अशा हालचालींचा उपयोग अधिक. मैदानावर मला त्यांचं पटतं. मैदानाला नुसत्या फेऱ्या मारायला लावल्या तर ही मुलं दुसऱ्या फेरीला रेंगाळतात. तीच मुलं खो-खोत, लंगडीत, साखळीत दमून खाली बसेपर्यंत खेळतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. तेव्हापासून आमच्याकडे पाटीवर बसायलाही रांग लागते. या मुलांना हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी, जोरात पळणं आणि कडक थांबणं, एका खेळात देणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

वर्गात आपण अजूनही "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हणतो. फ्लोरिडातल्या मार्क रॅपोर्ट यांच्या गटाने 2015 मध्ये आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना लक्षात ठेवण्याची अवघड कामं दिली आणि ते बसल्या जागी किती हलतात ते मोजलं. एडीएचडी असलेले मुलगे जास्त हलले तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. इतर मुलग्यांची मात्र हलल्याने बिघडली. पाय हलवणारं पोरगं कदाचित जागं राहण्यासाठी पाय हलवत असतं. आमच्या दोन वर्गशिक्षिकांनी आता शेवटच्या बाकामागे उभं राहून लिहायची मुभा दिली आहे. इतरांना त्रास होऊ नये एवढीच अट. बाकीच्यांना ते अजून शिस्तीबाहेरचं वाटतं, आणि त्यांच्याशी माझं बोलणं चालू आहे.

पावसाळा ही आमची खरी अडचण. जूनअखेरीपासून मैदानावर चिखल, शाळेला सभागृह नाही, आणि पी.टी.चा तास कुणीही मागून नेतं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान साठ मिनिटांची मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते. पावसाळ्यात आमची कित्येक मुलं त्याच्या जवळपासही जात नाहीत. व्हरांड्यात एका वेळी अर्धा वर्ग मावतो. तिथे मी सूर्यनमस्कार मोजून घेत नाही, आज्ञेवर घेते: शिट्टी वाजली तर पुढची स्थिती, टाळी वाजली तर आहे तिथेच थांबायचं. दोरीउड्यांतही तसंच. अर्धा वर्ग खेळतो तोवर उरलेला अर्धा वर्ग मोजतो, मग अदलाबदल.

गेल्या वर्षी शिक्षकसभेत मी लेखी मांडलं की पी.टी.चा तास शिक्षा म्हणून कुणाचाही कापायचा नाही. पी.टी.तून सूट हवी असेल तर आपण मुलाकडे डॉक्टरांचा दाखला मागतो. मग त्याचा तास काढून घेताना कुणालाच काही कारण का द्यावं लागत नाही, एवढं मी विचारलं. चर्चा बरीच झाली. काहींचं म्हणणं होतं की या पोरांना दुसऱ्या कशाची भीतीच उरलेली नाही. गणिताचे सर बोलले, आणि त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त ऐकलं गेलं. पाचवी ते आठवीसाठी ठराव झाला, मुख्याध्यापकांनी सही केली, तो स्टाफरूमच्या फलकावर लावला आहे. नववी-दहावीला तो लागू नाही. तिथे सराव परीक्षा सुरू झाल्या की मैदान बंदच होतं, आणि आमचा खो-खोवाला येत्या वर्षी नववीत जातो आहे. जूनच्या पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेत मी हा विषय घालायला दिला आहे.